चूल वेगळी

लंडन
१८ नोव्हेंबर १९५६

सौ. सिंधुताई,

साष्टांग नमस्कार. तो खरोखर घातला आहे असं समज, कारण माझ्या खोलीत साष्टांग आडवं होण्यापुरतीच जागा आहे.

तू विचारलंस, डॉक्टर होऊन झाल्यावर मी इथं नेमकं काय शिकतो. ऐक. मी धूर मोजतो. हसू नकोस, त्याचा मला पगार मिळतो. चार वर्षांपूर्वी डिसेंबरात इथं पाच दिवस असं धुरकं पडलं होतं की माणसाला स्वतःचे बूट दिसत नव्हते. घरोघरी कोळशाच्या शेगड्या, त्यांचा सगळा धूर खालीच बसून राहिला. हजारो माणसं गेली. ती जास्त मरताहेत हे आधी शवपेट्या विकणाऱ्यांना कळलं आणि मग सरकारला. तेव्हापासून इथल्या डॉक्टरांना दुसरा विषय सुचत नाही. आधी त्यांनी माणसं मोजली. मग पांढऱ्या कागदातून हवा ओढून कागद किती काळा होतो ते मोजलं. आता नवीन बोलणं निघालंय ते कणाच्या आकाराचं. मोठी धूळ नाकात अडकते, शिंकलं की बाहेर येते. जी इतकी बारीक की डोळ्यांना दिसतच नाही, ती छातीच्या तळाशी जाऊन बसते, आणि भानगड तिची आहे असं आमच्या साहेबांना वाटतं.

मी साहेबांना म्हटलं, लंडनचं राहू द्या, माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरात एकदा कागद धरून पाहा. ते गालात हसले. म्हणाले, खेड्यातली हवा औषधासारखी असते, आम्ही सुटीत तिकडेच पळतो. मला त्यांचा राग आला नाही, पण त्यांना खोटं पाडावंसं फार वाटलं.

म्हणून एक काम करशील? सुरतेचा एक मित्र बोटीनं परततोय, त्याच्याबरोबर एक पंप पाठवला आहे. दिसायला सायकलच्या पंपासारखा, पण उलटा: हा हवा आत ओढतो. तोंडाशी एक गोल पांढरा कागद बसवायचा, भाकऱ्या चालू असताना चुलीजवळ धरून दोनशे वेळा ओढायचा. एका घराला एक कागद, मागे नंबर. आठ घरं कर. सुवेझचा कालवा बंद झाल्यामुळे बोट आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून येणार आहे, तेव्हा संक्रांतीपर्यंत वाट पाहा.

तुझ्या सासूबाई नानीबाई आणि मामंजी यांना नमस्कार. भाऊजींना सांग, इथं केळं एकेक करून विकतात.

तुझा
हिंमत


सारंगखेडे, प. खानदेश
३ फेब्रुवारी १९५७

चि. हिंमतराव यास,

अनेक आशीर्वाद. किती ते तू मोज, तुझा धंदाच तो आहे.

पंप पोचला. दोंडाईच्याहून बैलगाडीत आला, आणि घरात येण्याआधी अर्ध्या गावानं तो ओढून पाहिला. मी तो हातात घेऊन गल्लीत निघाले, तर लोकांना वाटलं हिवतापाच्या फवारणीचं काम सरकारनं आता बायकांवर सोपवलं. शेजारच्या वत्सलाबाईंनी पिण्याचं पाणी झाकलं, अंथरुणं उन्हात टाकली आणि मला म्हणाल्या, आधी ढेकणांच्या खाटेकडे चल. मी समजावलं की यातून काही बाहेर येत नाही, उलट आत जातं. मग त्यांना वाटलं मी ढेकूण ओढून घेणार आहे.

शेवटी एकेकीला बसवून सांगितलं: माझा भाऊ विलायतेत मोठा डॉक्टर आहे, त्याला आपल्या चुलीचा धूर बघायचा आहे, कागदावर धरून पाठवायचा आहे. ते मात्र सगळ्यांना लगेच कळलं. ‘अमुक वारी ये’ असं प्रत्येकीनं दिवस नेमून दिला. गेले तिथं चहा, गूळपापडी. आठही कागद सोबत आहेत. पाच नंबर आपल्या घरचा.

पाच नंबरचे दोनशे नीट मोजले गेले नाहीत. मध्येच खोकला आला. दिवाळीपासून आहे, त्यात विशेष काही नाही. इथं सगळ्याच बायकांना असतो, बांगड्यांसारखा.

तुझ्या साहेबांना खोटं पाडलंस की कळव. तेरा माणसांच्या भाकऱ्या थापून हात मोकळा झाला, तेव्हा एवढंच लिहिते.

तुझी
ताई


लंडन
२ मार्च १९५७

सिंधुताई,

नमस्कार, आणि आज तो जरा पडेल चेहऱ्यानं.

तुझे कागद साहेबांच्या टेबलावर ओळीनं मांडले. एक पांढरा. दोन पांढरा. तीन, चार, सहा, सात, आठ, सगळे पांढरे. इतके की साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. आमच्या इस्पितळाच्या आवारातला कागद यांच्याहून मळका निघतो. साहेब सभ्य माणूस, त्यांनी फक्त माझ्यासाठी चहा मागवला. तेव्हाच मला कळलं की मी हरलो.

फक्त पाच नंबर काळा. नुसता काळा नाही, त्याच्यावर बोट टेकवलं तर बोट काळं होतं.

आता मला सांग, सात घरांत स्वच्छ आणि तुझ्याच घरात असं काय जळतं? साहेब म्हणतात, एका घरची चूल नीट नसेल, त्यावरून मुलखाचा अंदाज बांधू नये. वर्षाच्या अहवालात ते अर्धं पान लिहिणार आहेत की खेड्यातल्या स्वयंपाकघरांची काळजी करण्याचं कारण दिसत नाही. ते छापून आलं की पुढची वीस वर्षं कुणी तुमच्या चुलीकडे ढुंकून पाहणार नाही.

आणखी एक. ‘बांगड्यांसारखा’ हा शब्द मी तीनदा वाचला. खोकल्याचं नीट लिही. चढताना दम लागतो का? मी भाऊ म्हणून नाही, डॉक्टर म्हणून विचारतो आहे, म्हणजे तरी खरं सांगशील.

हिंमत


सारंगखेडे
२८ मार्च १९५७

चि. हिंमत,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की खोकल्याची उबळ आली, आणि नानीबाईंनी आतून विचारलं, विलायतेत कुणाचं लग्न ठरलं का.

अरे वेड्या, पांढरे निघतील नाही तर काय. विलायतेचा साहेब आपलं स्वयंपाकघर बघणार म्हटल्यावर बायका तशाच बसतील होय? मी ज्या वारी जाणार त्या वारी घर सारवून, रांगोळी काढून, अंगणात तीन दगड मांडून तिथं भाकऱ्या टाकल्या सगळ्यांनी. मी म्हटलंही, अहो, आतल्या चुलीजवळ धरायचा आहे. तर वत्सलाबाई मलाच रागावल्या: “मन्हा घरना धूर विलायतले जाई? लोके काय म्हनतीन?” मला वाटलं, चूल ती चूल, आतली काय आणि बाहेरची काय. तुला लिहिण्यासारखं काही आहे हे डोक्यातच आलं नाही.

आपल्याच घरी चूल हलली नाही, कारण ती हलूच शकत नाही. ती नानीबाईंच्या सासूनं मांडलेली. माजघराच्या आत, खिडकी नाही, धाब्याला एक झरोका तोही पावसात मडकं पालथं घालून बंद. त्यात कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्या. पण नानीबाईंचं म्हणणं, घर फुटतं तेव्हाच चूल हलते. त्यांच्या दिरानं अशीच वेगळी चूल मांडली आणि तीस वर्षं एका भिंतीपलीकडे राहून दोन भाऊ बोलले नाहीत. तेव्हापासून त्या चुलीच्या दगडालाही कुणाला हात लावू देत नाहीत.

आता डॉक्टरांसाठी. हो, दम लागतो. तापीवरून कळशी घेऊन वर येताना दोनदा टेकते. गेल्या वर्षी टेकत नव्हते. वैद्य पित्त म्हणतात आणि काढा देतात. घरात कुणाला सांगितलेलं नाही आणि तूही सांगायचं नाहीस. खोकून दम लागणारी सून म्हटलं की लोक क्षय म्हणतात, आणि क्षय म्हटलं की माहेरी पोचवतात. माहेरी आता आहे कोण? मला या घरात राहायचं आहे, हिंमत. माणसं चांगली आहेत, फक्त धूर आहे.

तुझी
ताई


(पोस्टकार्ड)

लंडन, १४ एप्रिल १९५७

ताई,
तुझ्या पत्रानं सगळा उलगडा झाला. टपाल निघायला दहा मिनिटं आहेत म्हणून कार्ड. आता एक दिवसही थांबू नकोस. तू चूल वेगळी मांड. नानीबाईंना विचारत बसलीस तर जन्म जाईल. भाऊजींना माझं नाव सांग, ते ऐकतील. कागद तयार आहेत, आठही घरांचे पाठवतो आहे. बाकीच्या बायकांनाही असंच करायला सांग. सविस्तर मागून.
हिंमत


सारंगखेडे
५ मे १९५७

हिंमत,

आज वर आशीर्वाद लिहिलेला नाही. आधी वाच.

तू कार्ड पाठवलंस. उघडं. आमचा पोस्टमन दगा कार्ड वाचल्याशिवाय देत नाही, त्यात त्याला वाईट काही वाटत नाही, उलट निरोप चांगला असेल तर तो लांबूनच ओरडून सांगतो. तुझं त्यानं आधी चहाच्या दुकानात वाचलं. मग खात्री करायला मास्तरांकडून वाचवलं. मला मिळालं तेव्हा नदीपलीकडेसुद्धा कळलं होतं की सिंधूच्या विलायती भावानं तिला वेगळं निघायचा हुकूम केला आहे आणि वाटणीचे कागदही तयार करून धाडले आहेत. आठ घरांचे. गल्लीतल्या आठही सासवा त्या दुपारी एकमेकींकडे बसायला गेल्या. वत्सलाबाईंच्या सासूनं तर कोठीला कुलूप घातलं.

चूल वेगळी मांडणं म्हणजे काय ते तू विसरलास का रे? तिकडे जाऊन धूर मोजायला शिकलास आणि घरातला शब्द घालवून बसलास.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. मामंजी अंगण पावलांनी मोजून आले. थोरल्या जाऊबाई, रंजनाबाई, यांनी तासाभरात पितळी भांड्यांचे दोन ढीग लावले. इतक्या झटकन, की ही वाटणी त्यांच्या मनात किती वर्षं तयार होती कोण जाणे. हे शेतातून आले, दारातच उभे राहिले आणि विचारलं, खरं का? मला त्याच वेळी उबळ आली. ती थांबेपर्यंत हे परत शेतात गेले होते.

मग नानीबाईंनी मला समोर बसवलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, “तुले चूल येगळी मांडनी शे का? सांगी दे.”

मी म्हटलं, नाही.

“मंग तुन्हा भाऊ खोटं लिखस का?”

आता काय सांगू? तू खोटं लिहिलं नाहीस हे सांगायचं तर दम लागतो ते सांगावं लागतं. मी गप्प बसले, आणि गप्प बसलं की काय समजतात ते तुला माहीत आहे.

त्या दिवसापासून त्या मला चुलीपाशी येऊ देत नाहीत. साठीच्या पुढचं वय, पहाटेपासून स्वतः बसतात. जिला वेगळी चूल हवी तिचं या चुलीशी काम नाही, म्हणतात. मी ओट्यावर बसून डाळ निवडते. तुझ्या कामाची एक गोष्ट लिहून ठेवते: या दोन आठवड्यांत माझा खोकला निम्म्यावर आला आहे. आणि आत त्या खोकतात. आधीही खोकत असतील, पण तेव्हा मी त्यांच्याहून मोठ्यानं खोकत होते, ऐकू येत नव्हतं.

मला तुझा राग आला आहे आणि तो लवकर जाणार नाही. लिहायचं असेल तर पाकिटात लिही.

सिंधू


लंडन
२० मे १९५७

श्रीमती नानीबाई यांच्या चरणी,

मी सिंधूचा धाकटा भाऊ हिंमत. लग्नात तुमच्या अंगणात जिलबीच्या ताटात पडलो होतो, तो. हे पत्र तुमच्यासाठी आहे आणि तुम्ही म्हणाल त्यानं ते तुम्हाला वाचून दाखवावं.

चूक माझी आहे, सिंधूची काडीमात्र नाही. मला म्हणायचं होतं की चूल माजघरातून उचलून उघड्यावर मांडा. म्हणायचं होतं जागेचं, आणि मी लिहिलं घर फोडण्याचं. मी त्या मुलखात जन्मलो, प्रकाश्याला वाढलो, आणि हे मला कळायला हवं होतं. कागद वाटणीचे नाहीत. भाकरीएवढेसुद्धा नाहीत, रुपयाएवढे गोल आहेत, आणि त्यांच्यावर फक्त धूर बसतो.

एवढी घाई का केली तेही सांगतो. हे मी सिंधूलाही कधी सांगितलेलं नाही. आमची आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. दमा होता असं सगळे म्हणत. भाकऱ्या टाकता टाकता ती दाराशी येऊन उभी राहायची, चौकटीला धरून श्वास घ्यायची आणि पुन्हा आत जायची. मला वाटायचं ती मला बघायला बाहेर येते. मी हात हलवायचो. ती गेल्यावर तेरा वर्षांची सिंधू त्याच चुलीपुढे बसली. डॉक्टरीत गेल्यावर एक दिवस वर्गात बसल्या बसल्या मला कळलं की आई मला बघायला येत नव्हती, हवेसाठी येत होती. त्या दिवसापासून मी धूर मोजतो आहे.

नानीबाई, सिंधूला दम लागतो. तिला क्षय नाही. तिनं सांगितलेलं सगळं ध्यानात घेऊन डॉक्टर म्हणून लिहितो आहे, आणि तरी शहाद्याच्या दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, म्हणजे कुणाच्या मनात किंतु राहणार नाही. तिनं हे लपवलं कारण तिला तुमच्या घरातून जायचं नाही. तिनं मला लिहिलं होतं, माणसं चांगली आहेत, फक्त धूर आहे.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. पंप तुमच्या घरात आहे, दोन कोरे कागद या पाकिटात ठेवले आहेत. तुम्ही स्वतःच्या हातानं एकदा माजघरात ओढा आणि एकदा अंगणात, आणि काय दिसतं ते बघा.

आपला
हिंमतराव


सारंगखेडे
२४ जून १९५७

चि. हिंमत,

आशीर्वाद. आज मनापासून.

पत्र मी नानीबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट केलं आणि मला परत दिलं. म्हणाल्या, तूच वाच. रंजनाबाई, मामंजी, हे, सगळे बसलेले. मी वाचत गेले. जिलबीपाशी मामंजी हसले. आईपाशी आले आणि मला पुढचं दिसेना. मलाही वाटायचं रे, की ती तुला बघायला जाते. मला हेवा वाटायचा तुझा. उरलेलं पत्र यांनी वाचून संपवलं.

नानीबाई उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवर तवा ठेवला आणि मला हाक मारून म्हणाल्या, तो पंप आण आणि कसा धरायचा दाखव. दोनशे वेळा ओढला, मी मोजत होते. मध्ये सात वेळा खोकल्या, तेही मोजलं. मग अंगणात आल्या, तीन दगड मांडले, त्याच पऱ्हाट्या पेटवल्या, पुन्हा दोनशे. दोन्ही कागद तळहातावर शेजारी शेजारी ठेवून कितीतरी वेळ बसल्या. काळ्या कागदावरून अंगठा फिरवला आणि तो अंगठा पदराला पुसला नाही, तसाच धरून ठेवला.

संध्याकाळी गल्लीतल्या बायका ओट्यावर होत्या, त्यांच्यादेखत म्हणाल्या, “घर एकच ऱ्हाई. चूलच तेवढी बाहेर जाई.” आणि कुदळ घेऊन आपल्या सासूची चूल स्वतः उकरली. यांना हात लावू दिला नाही.

आता गोठ्याच्या बाजूला छपरी आहे, वर पत्रे, चारी बाजूंनी उघडी. पाऊस येतो, वारा येतो, कुत्रं येतं, पण धूर थांबत नाही. थुंकी तपासली, क्षय नाही. रंजनाबाईंनी भांडी पुन्हा एका ढिगात ठेवली, जरा आदळून ठेवली एवढंच. वत्सलाबाईंकडे छपरी होते आहे, आणि त्यांच्या सासूनं कोठीचं कुलूप काढलं. नवे कागद आले तेव्हा दगानं ते पाकीट दोन्ही हातांनी दिलं. बाकीच्या सात घरांत यावेळी आतल्या चुलीजवळ धरले आणि मग बाहेर. नानीबाईंचे दोन धरून सोबत सोळा पाठवते. साहेबांना चहा तू पाज.

माझा खोकला आता सकाळपुरता. घाट चढताना एकदा टेकते.

नानीबाईंचा एक प्रश्न आहे. त्यांनी सांगितला तसाच लिहिते. चूल बाहेर आली, त्यामुळे नवा धूर जात नाही. पण आत जो बसला आहे तो निघतो का? त्यांच्या छातीत पन्नास वर्षांचा आहे, आणि माझ्या छातीत माहेरचा धरून सतरा वर्षांचा. म्हणाल्या, “मन्हा ऱ्हाऊ दे. तिन्हा निघस का, तेवढं इचार.”

लवकर लिही. त्या रोज दगाची वाट बघतात.

तुझी
ताई


लंडन
९ जुलै १९५७

ताई,

सोळा कागद टेबलावर लावले. आठ काळे, आठ पांढरे, जोडीजोडीनं. साहेब उभेच राहिले. मग त्यांनी अहवालाचं ते अर्धं पान स्वतःच्या हातानं फाडलं आणि मला विचारलं, ही युक्ती कुणाची. मी म्हटलं, सारंगखेड्याच्या बायकांच्या लाजेची. त्यांना ते समजावून सांगायला मला पाऊण तास लागला आणि तरी नीट जमलं नाही. पुढच्या हिवाळ्यात मी बारा पंप घेऊन परत येतो आहे. तळोद्यापासून तापीपर्यंत स्वयंपाकघरं बघायची आहेत, एक वर्ष तरी, आणि बायकांची छातीही तपासायची आहे. याआधी हे कुणी नीट केलेलं नाही. सगळ्यांनी शहरं मोजली, गिरण्या मोजल्या, घरातली बाई कुणी मोजली नाही.

नानीबाईंचा प्रश्न मी साहेबांना सांगितला. ते म्हणाले, याचं पक्कं उत्तर आज कुणाकडेच नाही. जेवढं कळलं आहे तेवढं लिहितो, हे त्यांना वाचून दाखव.

नानीबाई, सिंधूचं वय कमी आहे आणि तिचा खोकला उतरतो आहे. ती धुरापासून लांब राहिली तर तिचा बराचसा श्वास परत येईल असं मला वाटतं. तुमचा आता येणार नाही. आणखी बिघडणार नाही एवढं जपता येईल, पण त्यासाठी तुम्ही चुलीपुढे बसणं सोडलं पाहिजे, छपरीतल्यासुद्धा. तुम्ही खरं विचारलंत म्हणून खरं लिहिलं आहे.

तुमचा
हिंमत


सारंगखेडे
२ ऑगस्ट १९५७

चि. हिंमत,

आशीर्वाद. तू येणार म्हणून यांनी तुझ्यासाठी खाट विणायला घेतली आहे. पंप बारा आणतो आहेस तर एक वत्सलाबाईंना द्यायचा, त्या आता धुराच्या बाबतीत तुझ्याहून शहाण्या झाल्या आहेत.

तुझं पत्र नानीबाईंना छपरीतच वाचून दाखवलं. माझ्याबद्दलचं सगळं वाचलं. त्यांच्याबद्दलचं आलं तिथं मी वाचलं, ‘तुमचाही हळूहळू निघेल, फक्त चुलीपुढे बसू नका.’ डॉक्टरांच्या कागदात मी खोटं घातलं. तुला राग येईल तर येऊ दे.

त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “माले वाचता येत नई, पन तुन्हं तोंड वाचता येस.”

त्यांनी पत्राची घडी केली आणि कनवटीला लावली. म्हणाल्या, चल, भाकऱ्या टाकू, माणसं शेतातून येतील. मी म्हटलं, तुम्ही बसायचं नाही, डॉक्टरांनी लिहिलं आहे. म्हणाल्या, थापायचं तू कर, मी नुसती बसते. आज नदीकडून वारा होता, सगळा धूर एकाच अंगाला जात होता. त्या नेमक्या त्या अंगाला जाऊन बसल्या आणि मला स्वच्छ बाजूला बसवलं. मी जागा बदलायला उठले तर मनगट धरून खाली बसवलं. पन्नास भाकऱ्या होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

तू लवकर ये, हिंमत. तुझं ऐकतील असं नाही, पण ये.

तुझी
ताई